रविवारी साडेचारचा फोन

वैशाली गेल्यावरही आमचं सॉफ्टवेअर दर रविवारी तिला फोन लावत होतं.

आज तिला जाऊन वर्ष झालं. डेंग्यूने नेलं. चाळिशीही धड संपली नव्हती तिची.

माझ्या फ्रेंडलिस्टमधले बरेच जण तिला ओळखत नाहीत, म्हणून सांगतो. दादरला आमची टूर कंपनी. वैशाली आमच्या कॉल सेंटरची सुपरवायझर. लालबागची. आवाज असा, की अख्ख्या फ्लोअरला माईक लागायचा नाही.

आम्ही दर रविवारी सकाळी वेबिनार घेतो. केरळ, काशी, हिमाचल, जे असेल ते. मोफत. लोक हौसेने नाव नोंदवतात आणि निम्मे येतच नाहीत.

पूर्वी त्या न आलेल्यांची यादी सोमवारी निघायची, मंगळवारी मेल व्हायची आणि मुली बुधवारी एकेक नंबर हाताने फिरवायच्या. तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे बुकिंग करून मोकळं!

मग मी नो-कोड वर्कफ्लो बसवायला घेतला. म्हणजे कोडची एक ओळ न लिहिता स्क्रीनवर चौकोन ओढायचे आणि बाणांनी जोडायचे. वेबिनारच्या सॉफ्टवेअरने सांगायचं, हा माणूस आला नाही. कॉल सेंटरच्या सॉफ्टवेअरने लगेच त्याचा नंबर लावायचा आणि जी मुलगी मोकळी असेल तिला जोडून द्यायचा.

मुली घाबरल्या. आता आपली गरज काय, म्हणाल्या.

"नंबर मशीन लावेल गं. बोलायचंय तुम्हालाच," वैशाली म्हणाली. आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली.

माझा पहिला आराखडा बघून तिने कपाळाला हात लावला.

"वेबिनार संपला की लगेच फोन? अरे, रविवारी दुपारी माणूस मासे खाऊन आडवा झालेला असतो. शिव्या खाशील!"

"मग कधी?"

"साडेचारला. चहा होऊ दे त्याचा."

मी 'साडेचारपर्यंत थांबा' असा एक चौकोन मध्ये घातला. कुठल्याही ट्रेनिंगमध्ये हे शिकवत नाहीत.

आता ही चौकोनांची साखळी नीट चालते का, हे दर आठवड्याला कळायला हवं. त्यासाठी एक खोटं गिऱ्हाईक लागतं. प्रत्येक वेबिनारला आपोआप नाव नोंदवणारं आणि कधीच न येणारं.

"माझंच टाक," वैशाली म्हणाली. "नाव माझं, मोबाईल माझा. बंद पडलं तर मला आधी कळेल."

तेव्हापासून रविवारी साडेचारला तिच्या टेबलावरचा मोबाईल वाजायचा. समोरच्याच रांगेतली मुलगी लाईनवर असायची, आणि ही बया अट्टल गिऱ्हाइकासारखी भांडायची.

"तुमच्या काशीत बोंबील मिळतात का? नाही? मग मी कशाला येऊ?"

सगळा फ्लोअर हसायचा. मी समजायचो, साखळी चालू आहे.

ती गेली. एचआरने तिचं लॉगिन बंद केलं, मेल बंद केला, आयकार्ड परत घेतलं. यात कुणाचं काही चुकलं नाही. पण माझ्या त्या चौकोनात ती कर्मचारी नव्हतीच. ती गिऱ्हाईक होती. गिऱ्हाइकाला कोण काढणार?

सीझनसाठी नव्या मुली आल्या होत्या. रविवारची शिफ्ट त्यांच्याकडे. त्यांनी वैशालीला पाहिलंसुद्धा नव्हतं.

एका सोमवारी मी कॉलची रेकॉर्डिंग्ज ऐकत होतो.

"नमस्कार, वैशालीजी बोलताय का? आज सकाळी आपण वेबिनारला आला नाहीत..."

पलीकडून एक म्हातारा आवाज.

"नाय गो बाय. ती आता येवची नाय."

"काही हरकत नाही मॅडम, पुढच्या रविवारी नक्की या!"

तो आवाज मी ओळखला. वैशालीची आई. काकींच्या हातची सोलकढी मी कितीदा प्यायलोय.

हेडफोन काढून ठेवला, परत घातला. मागची रेकॉर्डिंग्ज उघडली. दर रविवारी तेच. दर रविवारी वेगळी मुलगी, तोच प्रश्न, एखादीचं जाता जाता 'जेवलात का?', आणि काकी दर रविवारी फोन उचलत होत्या.

मला रडू आलं. ऑफिसमध्ये, सगळ्यांसमोर.

संध्याकाळी लालबागला गेलो. काकी एकट्याच होत्या. वैशालीचा मोबाईल चार्जिंगला लावलेला होता. गॅसचा, बँकेचा मेसेज त्यावरच येतो, म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. चौकोन, बाण, खोटं गिऱ्हाईक. त्यांना किती कळलं, माहीत नाही. शेवटी म्हणालो, "काकी, आजच तिचा नंबर काढून टाकतो. परत फोन येणार नाही."

त्या एकदम माझ्याकडे बघायला लागल्या.

"बंद नको करू रे."

त्यांनी चार्जिंगच्या मोबाईलकडे बोट दाखवलं.

"रविवारी तुमचा कोणतरी चेडू बोलता माझ्याशी. जेवलंय काय, इचारता. बरां वाटता माका. फकत एक कर. ती का येवक नाय, ह्यां इचारू नको म्हणान सांग त्यांका."

दुसऱ्या दिवशी मी त्या एका नंबरासाठी वेगळी वाट काढली. आता तो कॉल लागला की मुलीच्या स्क्रीनवर टूरचं नाव येत नाही, प्रश्न येत नाही. एवढंच येतं: या काकी आहेत. यांना काही विकायचं नाही. घाई करू नका.

नव्या मुलींना आता काकींच्या गुडघ्याची हालहवाल माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असते. मागच्या रविवारी एकीने तर बांगड्याच्या तिखल्याची कृती विचारून घेतली. मॅनेजर म्हणाले, हा कॉल फार लांबतो. मी म्हटलं, लांबू दे.

वैशाली, काकी बऱ्या आहेत. फोन पहिल्या रिंगलाच उचलतात.

तू निवांत अस.