चुकीच्या जागची खूण

रविवारी पूल बघायला जायचं ठरलं आणि होल्ट या शेतावरच्या घरात सगळ्यांच्या अंगात आलं. एकटी योरुन तेवढी गप्प होती. तिची मुलगी उन्नुर सकाळपासून तीन वेळा जीपमध्ये जाऊन बसली होती. नवरा स्टेन्थोर दाढी करताना शीळ घालत होता. उभा जन्म या माणसाने लोकांना घोड्यावरून ग्राउना नदी पार करून दिली. पूल झाला की ते काम संपणार, पण त्याचं त्याला सुतक नव्हतं.

"माझे गुडघे भिजवून झाले," तो म्हणाला. "आता इंजिनियरांचे भिजू देत. योरुन, धिरडी जरा जास्त कर. पुलावरचे लोक खाण्याला हपापलेले असतात."

"करतेय," योरुन म्हणाली. धिरड्यावर साखर भुरभुरून ती घडी घालत होती, आणि तिचं लक्ष धिरड्यात अजिबात नव्हतं.

तिची आई थुरीदुर नदीपलीकडे बाक्कीला राहायची. योरुनचा भाऊ ओड्डुर तिला सांभाळायचा. लग्न न केलेला, दांडगा, बोलायला लागला की मेंढ्या दचकाव्यात असा. गुरुवारी त्याचा फोन आला होता. "आई आता धड जेवत नाही. रविवारी पुलावर ये म्हणतेय. आम्ही आमच्या काठाने येतो." योरुन म्हणाली, "बघते." याहून जास्त बोलण्याची सोय नव्हती. अख्ख्या खोऱ्याला मिळून एकच तार होती, कुणाच्याही घरची घंटा वाजली की बाकीचे फोन कानाला लावून बसत. तारेवर हवापाण्याचं बोलावं, मेंढ्यांचं बोलावं. मनातलं बोललं की संध्याकाळपर्यंत ते घरोघरी पोचायचं. म्हणून आईला जे एक विचारायचं होतं, ते योरुनने इतकी वर्षं विचारलं नव्हतं.

काउरी हा तिचा थोरला. पाच वर्षांचा असताना घटसर्पाने गेला. त्या आठवड्यात वर हिमनदी फुटली होती आणि ग्राउना दुथडी भरून वाहत होती. ब्रेक्काच्या चर्चमागे, नदीच्या अलीकडच्या अगदी काठाला त्याला पुरलं. आई आली नाही. अशा पुरात म्हातारी येणार कशी, असं सगळे म्हणाले आणि योरुननेही मान डोलावली. पण दोन दिवसांनी टपालवाला आला. पलीकडूनच आला, घोडा पोहवत, छातीपर्यंत भिजून. योरुनच्या मनात गाठ बसली ती तेव्हा. टपाल येतं, आणि माझी आई येत नाही?

पुढे नदी उतरली. स्टेन्थोर दर उन्हाळ्यात विचारायचा, "घोडा काढू का? आईला भेटून ये." ती म्हणायची, गवत कोण कापणार. गवत संपलं की मेंढ्या, मेंढ्या संपल्या की हिवाळा. मग आई पडली, तिचं मांडीचं हाड मोडलं आणि तिचं घोड्यावर बसणंच सुटलं. आता ती यायची नाही, आणि योरुन जायची नाही. अबोला म्हणावा तर तोही नव्हता, नाताळाला फोन व्हायचा. माणसं असं कसं जगतात कोण जाणे, पण जगतात खरी.

पूल ब्रेक्कालाच बांधत होते, चर्चच्या खाली, जिथे दोन खडकांमध्ये नदी अरुंद होते. तिथे पोचले तर निम्मं खोरं हजर. गुरुवारचा फोन सगळ्यांनी ऐकला होता ना! बायका गवतावर कापड अंथरून बसल्या होत्या, कॉफीच्या थर्मासची झाकणं उघडली होती, आणि प्रत्येकीची नजर योरुनकडे वळून पुन्हा कपात जात होती. योरुन आधी काउरीच्या कबरीपाशी गेली. तिथलं गवत उपटलं. मग सगळ्यांबरोबर खाली उतरली.

पूल दोन्ही काठांकडून पुढे आला होता आणि मधे खिंडार होतं. खिंडारावर दोन लोखंडी तुळया आणि कामगारांपुरती एक फळी. खाली राखाडी पाणी असं गर्जत होतं की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागे.

"ती बघा, अजून उभीच आहे!" स्टेन्थोरने पलीकडच्या काठावर बोट दाखवलं. तिथे दगडांची एक रास होती, नदी कुठे ओलांडता येते तो उतार दाखवायला रचतात तशी. "कुठल्या शहाण्याने खूण लावलीय देव जाणे. समोर उतार नाही, काही नाही, सरळ डोह आहे. एखादा परका माणूस घोडा घालायचा आणि मरायचा. बरं, दर वर्षी वाढतेच आहे!"

त्याचं हे गाणं योरुनला पाठ होतं. कबरीपाशी आलं की ती रास दिसायची आणि स्टेन्थोर हेच बोलायचा.

"मिटली म्हणा काळजी," मुकादम ब्रान्दुर धिरडं खात म्हणाला. "या आठवड्यात ते दगड आमच्या भरावात घालतोय."

तेवढ्यात पलीकडे घोडागाडी थांबली. ओड्डुर आणि एक कामगार स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून पुलावर चालत आले, आणि खुर्चीत आई. खिंडाराच्या कडेला त्यांनी खुर्ची टेकवली. आई एवढीशी झाली होती. मुकादमाने तिला कठड्यापर्यंत जाऊ दिलं, फळीवर पाय ठेवू दिला नाही.

आईचे ओठ हलले. ऐकू काहीच आलं नाही. ओड्डुर वाकला, त्याने कान दिला, मग ताठ होऊन गरजला, "आई म्हणते, तू वाळलीस!"

मागे गवतावर कुणीतरी हसलं.

"तीच वाळलीय म्हणावं!"

"म्हणते, वाळायचं तिचं वय आहे, तुझं नाही!"

योरुनने कठडा घट्ट धरला. तारेवर नको म्हणून इतकी वर्षं थांबली, आणि आता अख्ख्या खोऱ्यासमोर बोंबलून विचारायची वेळ आली. पण आई हिवाळा बघणार नाही हे तिला खुर्चीकडे बघूनच कळलं होतं. आज नाही तर कधीच नाही.

"ओड्डुर, तिला विचार," ती ओरडली, आणि तिचा आवाज फाटला. "काउरीला पुरलं तेव्हा ती का आली नाही?"

कॉफीचे कप जिथल्या तिथे राहिले. ओड्डुरने बहिणीकडे पाहिलं, मग आईकडे. त्याला काही विचारावं लागलं नाही. म्हातारीने प्रश्न ऐकला होता. ती बराच वेळ बोलली. ओड्डुर वाकूनच राहिला. सरळ झाला तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता, आणि आईचे शब्द त्याला त्याच्या त्या मेंढ्या हाकायच्या आवाजात ओरडावे लागले.

"म्हणते, आले होते! ओड्डुर घोडा घालेना, म्हणून काठावर बसले! तुम्ही गात होतात, तेव्हा मीही गायले! काळी शाल हलवली! म्हणते," इथे तो थांबला, बाहीने नाक पुसलं, "म्हणते, मला वाटलं तू बघितलंस!"

योरुनने बघितलं नव्हतं. त्या दिवशी तिने खड्ड्यातून नजर वर काढलीच नव्हती.

"कुठे बसली होती?"

म्हातारीने काठी उचलली. काठी दगडांच्या राशीकडे वळली होती.

"पहिला दगड त्या दिवशी ठेवला!" ओड्डुर ओरडला. "मग दर वर्षी त्याच दिवशी एक! हाड मोडल्यापासून मी तिला गाडीतून आणतो!"

स्टेन्थोरने टोपी काढली. मुकादमाजवळ जाऊन तो म्हणाला, "त्या राशीला हात लावायचा नाही."

"नाही लावणार," ब्रान्दुर म्हणाला. हातातलं धिरडं त्याने खाली ठेवलं.

योरुन वळली आणि चढ चढून कबरीपाशी गेली. तिथला एक दगड उचलला, पोराच्या मुठीएवढा, आणि तो घेऊन परत आली. रडत होती, आणि कुणी बघतंय की नाही याची तिला पर्वा उरली नव्हती. एका कामगाराच्या हातात तिने तो दिला. "आईला दे. राशीवर ठेव म्हणावं. माझ्याकडून."

कामगार फळीवरून पलीकडे गेला. म्हातारीने दगड मांडीवर घेतला, दोन्ही हातांनी चाचपला, आणि मान हलवली. ओड्डुर पुन्हा वाकला.

"म्हणते, हा मी ठेवणार नाही! जपून ठेवते! पूल झाला की चालत ये आणि तुझ्या हाताने ठेव! म्हणते, तोवर मी मरत नाही!"

"येईन!" योरुन ओरडली.

ओड्डुर आईला सांगायला वाकला, पण म्हातारीचा हात त्याआधीच वर गेला होता.