काचेच्या खोलीतली खुर्ची

अमेरिकन फुटबॉल मला तीस वर्षांत कळला नाही आणि त्याचं मला दुःखही नाही. चौऱ्याहत्तर साली अमेरिकेत, श्रूजबरी गावात आले, हॉस्पिटलात लोकांचं रक्त तपासता तपासता निवृत्त झाले, पण हायस्कूलच्या मैदानावर दर शुक्रवारी संध्याकाळी कोण कुणाला आडवं पाडतं याची कधी चौकशी केली नाही. शेवटी तो खेळ मला समजावला गावात नव्याने राहायला आलेल्या कांचनने. तिने तोवर एकही मॅच डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

कांचन नागपूरची, तिथे कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवायची. इथे नवऱ्याच्या, म्हणजे गिरीशच्या व्हिसावर आली. राहायची परवानगी, कामाची नाही. गाडी एकच, ती घेऊन गिरीश ऑफिसला जाणार. बस नाही, चालत जाण्यासारखं दुकान नाही. दोन हजार पाचच्या सप्टेंबरात, कचरा कुठल्या वारी उचलतात हे बघायला तिने गावाची वेबसाइट उघडली आणि ‘लाइव्ह’ दिसलं तिथे दाबलं. चित्र नाही, नुसता आवाज: दोन म्हातारे हायस्कूलच्या मॅचचं वर्णन करत होते.

"दिवसभरात पहिल्यांदा घरात कुणीतरी बोलत होतं, काकू," ती मला म्हणाली. मी वैतागून म्हटलं, मग मला फोन करायला काय झालं होतं? पण तिचं खरं होतं. अपार्टमेंटच्या त्या दोन खोल्यांत मी तासभर बसले तरी मला गुदमरायला व्हायचं.

चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर बॉल समोरच्यांना. एवढं कळल्यावर बाईंनी वहीच सुरू केली. कोण किती यार्ड पळाला, कितीदा, कुठल्या बाजूने, सगळं रकाने आखून. ऑक्टोबरात एकदा डोलन नावाचा निवेदक म्हणाला की बावीस नंबरचा मुलगा एकशे एकतीस यार्ड पळाला. कांचनच्या वहीत एकशे सत्तेचाळीस होते. तिने ईमेल केली. डोलनने रेकॉर्डिंग परत ऐकलं आणि पुढच्या शुक्रवारी सगळ्यांदेखत चूक कबूल केली. मग दर मॅचला तो विचारायला लागला, "आमच्या कांचनचा आकडा काय?" हे मला सांगताना पोरगी अशी फुलायची की मलाच त्या खेळाचं कौतुक वाटायला लागलं.

नोव्हेंबरात डोलनची ईमेल आली. त्यांचा आकडेवारी ठेवणारा माणूस फ्लोरिडाला चालला होता. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या सकाळी शेजारच्या गावाशी वर्षातली मोठी मॅच असते, अख्खं गाव जातं. त्या दिवसापासून तिने निवेदकांच्या बूथमध्ये, म्हणजे वरच्या काचेच्या खोलीत, त्यांच्याशेजारी बसावं. मॅचला पन्नास डॉलर.

"नोकरीच झाली की, काकू," ती म्हणाली. ती ईमेल तिने मला फोनवर दोनदा वाचून दाखवली.

गिरीशने ऐकलं आणि त्याचा चेहराच उतरला. "कांचन, तुझ्याकडे वर्क परमिट नाहीये. कुणी विचारलं तर ग्रीन कार्डची फाइल रिजेक्ट होईल."

"मग फुकट करते."

त्याने वकिलाला विचारलं. उत्तर आलं: आधीच्या माणसाला त्या कामाचे पैसे मिळत होते, म्हणजे ते कामच. फुकट केलं तरी कामच. ग्रीन कार्डची फाइल सरकेपर्यंत धोका घेऊ नका.

मी गिरीशला फैलावर घेतलं. पोरांच्या खेळातल्या पन्नास डॉलरसाठी कोण येणार आहे तपासायला? तो शांतपणे म्हणाला, "काकू, सहा वर्षं मी ही कंपनी सोडू शकलो नाहीये. सोडली तर ग्रीन कार्डची लाइन पहिल्यापासून. आता तिच्यामुळे अडकलं तर आयुष्यभर तिच्याच मनाला लागेल." त्याचं म्हणणं पटलं, याचाच मला जास्त राग आला.

कांचनने डोलनला नकार कळवला. कारण लिहिलं नाही, लाज वाटली म्हणाली. मी मात्र थँक्सगिव्हिंगच्या सकाळी गाडी घेऊन तिच्या दारात उभी राहिले. तिकीट काढून मॅच बघायला कुठल्याही सरकारचा कागद लागत नाही, चल.

थंडीने दात वाजत होते. ती बाकावर ताठ बसली होती. "वही कुठंय?" मी विचारलं.

"घरी ठेवली."

हाफ टाइमला मीच तिला ढकललं. निदान त्या डोलनला तोंड तरी दाखवून ये. आम्ही पायऱ्या चढलो. काचेच्या खोलीचं दार उघडंच होतं. पांढऱ्या मिशीचा माणूस कागदांच्या पसाऱ्यात बसला होता, शेजारची खुर्ची रिकामी होती. तिने नाव सांगताच तो उठून उभा राहिला आणि त्याने खुर्ची ओढून दिली. ती म्हणाली, मला नाही जमणार. त्याला वाटलं, लाजतेय. "काही करू नकोस," तो हसून म्हणाला, "नुसती बस. मॅच बघ."

ती उंबऱ्यात उभी राहिली, हात कोटाच्या खिशात. खुर्चीकडे बघत राहिली. मग "थँक यू, सर" म्हणून मागे वळली आणि माझ्याआधी पायऱ्या उतरायला लागली.

खाली मी तिला गाठलं. "अगं, नुसतं बसायला काय हरकत होती? तो स्वतः म्हणत होता."

"बसले असते तर मोजलं असतं, काकू," ती म्हणाली.