मिल्कामावशी आणि पालथा दगड

"अगं बाई, किती शेवाळं माजलंय तुझ्या अंगावर! कुणी आंघोळबिंघोळ घालत नाही वाटतं?"

पूर्व लंडनमधल्या एका जुन्या ज्यू दफनभूमीच्या कुंपणापलीकडून हे वाक्य ऐकू आलं आणि मी भाजीच्या पिशव्यांसकट जागच्या जागी थांबले. इल्फर्डला राहायला येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. रस्त्यात गुजराती, पंजाबी, तमिळ सगळं कानावर पडायचं, पण असं कोकणातल्या अंगणातलं मराठी, आणि तेही कबरींच्या मधून? डोकावून पाहिलं तर एक ठेंगणी, सावळी, पिकल्या केसांची बाई गुडघ्यांखाली रबराची उशी घेऊन एका दगडासमोर बसली होती. एका हातात पाण्याच्या फवाऱ्याची बाटली, दुसऱ्या हातात मऊ ब्रश.

"मावशी, तुम्ही मराठी आहात?" मी न राहवून विचारलं.

"मग काय हा दगड मराठी आहे?" त्या मान वर न करताच म्हणाल्या. "ये आत. गेट उघडंच आहे. पण पाऊल जपून टाक, कुणाच्या अंगावर पडेल."

त्या मिल्कामावशी. मिल्का चौलकर, लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावणाऱ्या. बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले मराठी ज्यू. पहिली काही वर्षं कोकणातल्या चौलला आणि पुढचं लहानपण ठाण्यात गेलं, तरुणपणी नर्स म्हणून लंडनला आल्या आणि चाळीस वर्षं वॉर्डात काढून रिटायर झाल्या. नवरा जाऊन बराच काळ लोटला होता, मुलगा मँचेस्टरला. बुधवारी आणि रविवारी त्या दफनभूमीत येऊन दगड साफ करायच्या. कुणी सांगितलेलं नव्हतं. माझं घर त्यांच्या घरापासून पाच मिनिटांवर निघालं आणि पुढची सहा वर्षं माझे रविवार त्यांचे झाले.

दगडाशी त्या पेशंटसारख्या वागायच्या. "आधी बघायचं, मग विचारायचं, मग हात लावायचा," हे त्यांचं पहिलं वाक्य. हात लावण्याआधी पाच-दहा मिनिटं नुसत्या बघत बसायच्या, कुठे पापुद्रा सुटलाय, कुठे भेग आहे. साधं पाणी, मऊ ब्रश आणि आइस्क्रीमच्या काड्या, याखेरीज त्यांच्या पिशवीत काही नसे. एकदा एक सद्गृहस्थ आपल्या आजोबांच्या कबरीवर ब्लीच ओतून तारेच्या ब्रशने घासत होते. मावशी तरातरा गेल्या आणि वॉर्डातल्या सिस्टरच्या आवाजात त्यांना इंग्रजीत म्हणाल्या, "आजोबा जिवंत असते तर त्यांना असं घासलं असतंत का?" गृहस्थ ओशाळले. मग मावशींनीच त्यांना बाजूला बसवून कसं करायचं ते शिकवलं, आणि परत येताना मला म्हणाल्या, "माणूस वाईट नाही गं. घाईत आहे."

त्या स्वतः मात्र घाईत होत्या, हे मला पुढे कळलं.

एका हिवाळ्यात त्यांच्या स्वयंपाकघरात चहा पिताना मी सहज विचारलं, "तुमच्या घराण्यातलं कुणी आहे का इथे?" मावशींनी उठून कपाटातून एक फुगलेली फाइल काढली.

त्यांचे पणजोबा हसाजी चौलकर. हिब्रू नाव इझिकेल. चौलचे सुतार. घराण्यातला समुद्र ओलांडून विलायतेला आलेला हा पहिला माणूस. जहाजावर सुतारकामाला म्हणून पंचविसाव्या वर्षी घरातून निघाले तेव्हा मुलगा महिन्याचाही झाला नव्हता. जहाज स्कॉटलंडला पोचल्याची बातमी आली. त्यानंतर काहीच नाही.

"आमच्या घरात त्याचं नाव घ्यायचं नाही," मावशी म्हणाल्या. "गोरीशी लग्न करून मजेत राहिला, असं सगळं गाव म्हणायचं. पणजी राहेल, ती नव्वदीला टेकून गेली. मी पाच-सहा वर्षांची होते. गळ्यात शेवटपर्यंत मंगळसूत्र होतं तिच्या. ना सवाष्ण, ना विधवा. बायका तिला तोंडावर राहेलबाई म्हणायच्या आणि मागून टाकलेली. मी ऐकलंय या कानांनी. तिनेही ऐकलं असणारच."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? मला कळायला हवंय. टाकली असेल तर टाकली म्हणून कळू दे."

पंधरा वर्षं त्या शोधत होत्या. स्कॉटलंडच्या नोंदी, जहाजांच्या याद्या, इस्पितळांची जुनी रजिस्टरं. चौलकर कुठेच नाही. मी सॉफ्टवेअर तपासणारी, चुका शोधणं हाच माझा पेशा. मी चौलकरची सुचतील तेवढी स्पेलिंगं काढून दिली. तरीही काही नाही. मग एका रविवारी मावशी एडिनबऱ्यातल्या एका जुन्या दफनभूमीची यादी मला मोठ्याने वाचून दाखवत होत्या. दगडांवरून कुणीतरी फार पूर्वी उतरवून घेतलेली, नुसती नावं, कामधंदे आणि जागेचे नंबर; तारखा नाहीत. मी भांडी विसळत होते. "कोहेन... फ्रीमन... कार, ई. जोएल, जहाजावरचा सुतार..."

त्या थांबल्या. मी नळ बंद केला.

"जोएल कार," त्या पुन्हा म्हणाल्या. मग भराभर, "जोएलकार. जोलकर. चौलकर! आणि ई म्हणजे इझिकेल! अगं, एखाद्या स्कॉटिश कारकुनाला चौलकर सांगितलं तर तो काय लिहील?"

मी ओल्या हातांनी धावत जाऊन त्यांच्या खांद्यावरून स्क्रीनवर पाहिलं. आनंदाने ओरडणार, तेवढ्यात ओळीचा शेवट दिसला. 'कार, ई. जोएल, व पत्नी.'

मावशींनीही तो वाचला. लॅपटॉप हलकेच मिटला. "म्हणजे लोक खरंच बोलत होते," एवढंच म्हणाल्या आणि माझ्या हातात टॉवेल दिला.

पुढचे दोन रविवार त्या दफनभूमीत आल्या नाहीत. तिसऱ्या रविवारी सकाळी त्यांचा फोन. "पोरी, एडिनबऱ्याला यायला जमेल का? मृत्यूची नोंद काही सापडत नाही, तिथे आणखी तिसरंच स्पेलिंग असणार. पण दगड असेल. कसाही असला तरी तो माझा पणजोबा. आणि तीही बिचारी कोण होती, तिचं नाव तरी वाचू."

आम्ही दोघी गेलो. नंबरावरून जागा सापडली. दगड मात्र पालथा पडलेला, अर्धा मातीत रुतलेला, वर गवत. वादळात कोसळला की कुणी आडवा करून ठेवला, कुणालाच ठाऊक नव्हतं. दफनभूमीच्या कचेरीतल्या बाईंनी शांतपणे समजावलं की वंशज असल्याचा पुरावा आणि हयात असलेल्या सर्वांत मोठ्या वारसाची सही आल्याशिवाय दगड हलवता येणार नाही.

सर्वांत मोठा वारस म्हणजे मावशींचे भाऊ, बिन्नीदादा. वय शहाऐंशी, मुक्काम ठाणे. घरातले जुने कागदही त्यांच्याच कपाटात. मावशींनी हॉटेलच्या खोलीतून त्यांना फोन लावला. स्पीकरवर होता, त्यामुळे मीही ऐकत होते.

"त्या माणसाचं नाव काढू नकोस, मिल्के," दादा म्हणाले. "पणजीला मी रोज सुई ओवून देत होतो. ती शिवता शिवता रस्त्याकडे बघायची. इतकी म्हातारी झाली तरी बघायची. मी पाहिलंय. तू लहान होतीस."

"दादा, पाय धरते तुझे. एक सही."

"कशाला? त्याच्या नि त्याच्या मडमेच्या दगडाला?"

मावशी म्हणाल्या, "मी एकोणऐंशीची झाले, दादा. तू शहाऐंशीचा. आपण गेलो की विचारणारंसुद्धा कुणी राहणार नाही. मला न विचारता मरायचं नाही."

आठ दिवसांनी कागद आले. सोबत दादांची चिठ्ठी, दोनच ओळींची. 'तुझ्यासाठी सही केली. त्याच्यासाठी नाही.'

परवानगीला उन्हाळा उजाडला. दगड उचलायला इयन नावाचा एक गवंडी आला. जुन्या कबरींचीच कामं करणारा, अबोल, मावशींसारखाच आधी बघत बसणारा. दोघांची लगेच गट्टी जमली. त्याने तीन उंच खांबांची घोडी उभी केली, पट्टे बांधले, साखळी ओढली आणि दगड इंच इंच वर आला. खालून गांडुळं, मुळं, ओला काळा चिखल. इयन पाण्याची बादली घेऊन पुढे झाला, पण मावशींनी हात आडवा केला. "माझा पेशंट आहे," त्या त्याला म्हणाल्या. गुडघे दुखत असूनही खाली बसल्या आणि ब्रश चालवू लागल्या.

वर हिब्रू ओळी होत्या. त्याखाली इंग्रजी. अक्षरं इतकी धारदार, की काल कोरल्यासारखी. "पालथा पडला म्हणूनच वाचला हा," इयन म्हणाला. "शेजारचे बघा, पावसाने सगळे कोरे केलेत."

ई. जोएल कार, जहाजावरचा सुतार, मुंबईकडचा, वय सव्वीस. खाली महिना आणि साल होतं. मावशी बोटांवर मोजू लागल्या. दोनदा मोजलं. घर सोडल्यापासून अकरा महिने.

"अकराच महिने जगला गं," त्या म्हणाल्या. "मजेत कुठला राहतोय?"

त्याखाली आणखी दोन ओळी होत्या, चिखलाने भरलेल्या. मावशींनी आइस्क्रीमच्या काडीने एकेक अक्षर मोकळं केलं. मी इंग्रजी वाचत गेले. 'आपल्या देशी असलेल्या पत्नीचे नाव आपल्या नावाशेजारी असावे, ही त्याची अखेरची इच्छा.' आणि त्याखाली, देवनागरी कधी न पाहिलेल्या कुणा स्कॉटिश गवंड्याने कागदावरून बघून कोरलेली, वाकडीतिकडी, शिरोरेघ नसलेली तीन अक्षरं.

राहेल.

यादी करणाऱ्याने 'पत्नी' हा शब्द आणि खालची न कळणारी अक्षरं पाहिली होती आणि दोघांना पुरलं असेल असं समजून 'व पत्नी' लिहून टाकलं होतं. त्या जमिनीत राहेल नव्हतीच. ती चौलला खिडकीत बसून शिवत होती.

मावशींनी ती अक्षरं बोटाने गिरवली. मग दगडाला गाल लावून त्या लहान मुलीसारख्या रडल्या. इयनने टोपी काढली आणि पाठ फिरवून उभा राहिला. रडून झाल्यावर मावशींनी नाक पुसलं, एक लांब श्वास सोडला आणि म्हणाल्या, "टाकली नव्हती. टाकली नव्हती गं तिला."

दादांना तिथूनच फोन केला. मी दगडाचा फोटो आधीच पाठवला होता. दादांनी विचारलं, "हे 'राहेल' त्याच्या हातचं असेल?"

"त्याच्या हातचं बघूनच कोरलं असणार, दादा. इथे दुसऱ्या कुणाला येत होतं मराठी?"

"बरं," दादा म्हणाले. आणि पुन्हा, "बरं झालं, मिल्के. फार बरं झालं."

इयनने चुन्याच्या गिलाव्यात दगड पुन्हा उभा केला. शरद ऋतूत प्रार्थना ठरली. कद्दिश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, म्हणायला दहा ज्यू पुरुष लागतात. मावशींनी युनिव्हर्सिटीतले विद्यार्थी, दोन डॉक्टर आणि एक निवृत्त शिंपी असे नऊ जमवले. दहावा येईना. वारा बोचत होता. शेवटी एक पर्यटक, छायाचित्रं काढत हिंडणारा, मावशींनी सरळ जाऊन विचारल्यावर ज्यू निघाला. "देवाने पाठवला म्हणू नकोस हं," त्या मला म्हणाल्या, "मी जाऊन विचारलं म्हणून आला." फोनवरून दादांनी कद्दिश म्हटली आणि या दहा जणांनी तिथे उभं राहून 'आमेन' म्हटलं. परतीच्या ट्रेनमध्ये मावशी बसल्या बसल्या झोपल्या त्या थेट किंग्ज क्रॉसलाच जाग्या झाल्या. इतकी गाढ झोप मला वर्षानुवर्षं लागली नव्हती, म्हणाल्या.

त्यानंतर दीड वर्षाने मिल्कामावशी गेल्या. आजारी फार दिवस नव्हत्या, आणि शेवटी शेवटी तर चक्क आळशी झाल्या होत्या. पुस्तकं वाचायच्या, दुपारी लोळायच्या, मला पोहे करायला लावायच्या. "आता मला कसली घाई नाही," असं सगळ्यांना सांगायच्या.

जाण्याच्या काही महिने आधीची एक सकाळ मला विसरता येत नाही. त्यांच्या फोनवर दादांचा मेसेज आला होता आणि चष्मा सापडत नव्हता, म्हणून फोन माझ्या हातात दिला. फोटो होता. बिन्नीदादा, सत्त्याऐंशीचे, काठी टेकत, ठाण्याहून गाडी करून चौलच्या दफनभूमीत गेले होते. सोबत गावातला एक पाथरवट. समोर पणजीची कबर. मी फोटो मोठा केला. जुन्या दगडावर वर फक्त 'राहेलबाई' एवढंच होतं. त्याखाली ताज्या टाकीने कोरलेली एक नवी ओळ, अजून दगडाची पांढरी भुकटी अंगावर असलेली. मी ती मावशींना वाचून दाखवली.

"हसाजी चौलकर यांची पत्नी."

"पुन्हा वाच," मावशी म्हणाल्या.