आर्नफिनच्या रेटिंगसाठी श्रमदान

२ जानेवारी २०२३ रोजी, इतकी वर्षं फुकटात खेळून झाल्यावर, आर्नफिन हाउगलीने बुद्धिबळाच्या संकेतस्थळाची वर्षभराची वर्गणी भरली : ६४९ क्रोनर. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात स्वतःच्या चैनीसाठी त्याने एकरकमी केलेला हा दुसरा खर्च. पहिला बर्फ ढकलायच्या यंत्राचा होता, आणि त्यातही निम्मी चैन सोसायटीची होती.

आर्नफिन योविकमधल्या टायरच्या गोदामात कामाला. लोकांचे उन्हाळी टायर हिवाळाभर आणि हिवाळी टायर उन्हाळाभर सांभाळायचे. ईस्टर झाला की आणि पहिला बर्फ पडला की गोदामासमोर गाड्यांची रांग लागते. एरवी तिथे चिटपाखरू फिरकत नाही. टीव्हीवर पाच-पाच तास बुद्धिबळ दाखवायला लागले त्या वर्षी निम्म्या गावाला जो ताप चढला तो यालाही चढला. बाकीच्यांचा उतरला. याचा राहिला.

सुरुवातीला त्याचं रेटिंग होतं सहाशे बारा. म्हणजे सोंगट्या कशा चालतात ते माहीत, पण का चालतात ते नाही. फुकटात वजीर घालवायची सवय मोडल्यावर तो आठशेवर गेला. राजाला वेळेवर किल्लेकोटात बसवायला लागल्यावर नऊशेवर. पांढऱ्या आणि काळ्या सोंगट्यांसाठी एकेकच सुरुवात पक्की केली आणि हजार ओलांडले. अकराशे चाळीसला मात्र गाडी रुतली ती रुतलीच. कारण साधं होतं. दहा मिनिटांचा डाव तो तीन मिनिटांत हरायचा आणि उरलेली सात मिनिटं पुन्हा हरायला वापरायचा.

हे सगळं त्याच्यापुरतंच राहिलं असतं. पण त्याच्या रेटिंगवर त्याच्या बायकोचा ईस्टर अवलंबून होता.

त्याची बायको सोलफ्री हिच्या वडिलांनी डोंगरात स्वतःच्या हातांनी एक लाकडी खोपटं बांधलं होतं. ते गेले आणि खोपटं सोलफ्री आणि तिचा थोरला भाऊ तोर्लैफ या दोघांच्या नावावर झालं. उन्हाळ्याचे आठवडे वाटून घेता आले. ईस्टरचा आठवडा एकच. पहिल्या वर्षी दोन्ही कुटुंबं एकत्र गेली. खोली एक, वादळ चार दिवस. पाचव्या दिवशी वहिनी आणि नणंद वेगवेगळ्या वाटांनी स्कीवरून गावाकडे निघाल्या.

तोर्लैफ लिलेहामरला विम्याच्या नुकसानीचे आकडे ठरवायचा. भावनांचा तंटा आकड्यावर आणला की मिटतो, असं त्याचं म्हणणं. त्यानेच तोडगा काढला : दोघं मेहुणे एकाच संकेतस्थळावर खेळतात, तर ईस्टरच्या आधीच्या पाम रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, पडद्यावर ज्याच्या नावापुढे मोठा आकडा दिसेल त्याला ईस्टर. सगळ्यांनी सह्या केल्या. त्या वेळी तोर्लैफ आर्नफिनपेक्षा तीनशेने पुढे होता, हे सह्या झाल्यावर कळलं. तेव्हापासून चार ईस्टर त्याचेच.

मार्चच्या पहिल्या शनिवारी सोसायटीचं श्रमदान होतं. दारातला बर्फ फोडायचा, तळघर झाडायचं, मग कॉफी आणि वाफल. बर्फ फोडता फोडता सोलफ्री गुन्वरबाईंजवळ बोलून गेली, की आता ती ईस्टरला खायची संत्रीसुद्धा आणत नाही. बाबांच्या खोपट्याच्या दक्षिणेच्या भिंतीला टेकून उन्हात सोललं नाही तर संत्र्याला चवच नसते.

गुन्वर त्वाइतान म्हणजे सोसायटीची चेअरमन. तिने कुऱ्हाड खाली ठेवली आणि वाफलच्या टेबलावर विषय मांडला.

“सभासद अडचणीत आहे. चार आठवडे हातात आहेत. कोण काय करणार, बोला.”

“गुन्वरबाई, ही माझी खाजगी अडचण आहे,” आर्नफिन म्हणाला.

“गटार तुंबलं तेसुद्धा तुझ्याच न्हाणीघरातून. तेव्हा म्हणालास का खाजगी?”

“अहो, पण बुद्धिबळात दुसऱ्याने मदत केलेली चालत नाही.”

“चाल सांगायची नाही एवढंच ना?” सेक्रेटरी यालमार म्हणाला. हा स्वीडनच्या हद्दीवरच्या नाक्यावरचा निवृत्त कस्टम अधिकारी, आणि नियमाचा पक्का. “कोणी पटाकडे बघणार नाही. नाहीतरी आपल्यात खेळ येतो कुणाला?”

कुणालाच येत नव्हता. ठराव एकमताने मंजूर झाला.

कामं वाटली गेली. आर्नफिन स्वतःच्याच बेतात इतका गुंग होतो, की समोरच्याचा बेत बघायचं विसरतो, अशी सोलफ्रीची तक्रार होती. संसाराच्या संदर्भात केलेली, पण लागू पडणारी. म्हणून तो रोज संध्याकाळी खेळायला बसला की वरच्या मजल्यावरच्या गुन्वरबाईंनी दर अर्ध्या मिनिटाला भिंतीतल्या हवेच्या नळीत तोंड घालून ओरडायचं, “समोरच्याला काय हवंय?” तळमजल्यावरच्या नर्सबाईंकडे दुसरं काम : लागोपाठ दोन डाव हरला की वर यायचं, टॅब्लेट उचलायचा आणि सकाळपर्यंत परत द्यायचा नाही. आणि यालमारकडे हरलेल्या डावांची चौकशी.

यालमार जेवण झालं की यायचा, समोर बसायचा आणि चष्मा लावायचा.

“हा घोडा कुठून निघाला?”

“घरातून.”

“आणि इथे कशाला आला?”

“असाच. सहज.”

“सहज कोणी काही नेत नाही, आर्नफिन. माझी हयात नाक्यावर गेली. सहज नेतो म्हणणाऱ्याच्याच डिकीत स्वीडनचं स्वस्त, चोरटं मांस सापडायचं. बोल, कशाला आला?”

“मला वाटलं, उंटाला भीती दाखवावी.”

“उंट घाबरला?”

“नाही.”

“मग घोडा इथे बसून करतोय काय?”

पहिला आठवडा आर्नफिनला हे सगळं म्हणजे शिक्षा वाटली. पण दुसऱ्या आठवड्यात एक चमत्कार झाला. सोंगटी उचलायच्या आधीच त्याला यालमारचा चष्मा दिसायला लागला. जेवणानंतर या सोंगटीबद्दल काय सांगू, या धास्तीने तो विचार करू लागला, आणि सांगण्यासारखं काही सापडलं नाही तर दुसरी चाल शोधू लागला. तीन मिनिटांत संपणारे डाव नऊ-नऊ मिनिटं चालू लागले. अकराशे एकाहत्तर. बाराशे दोन. बाराशे अठरा.

हवेची नळी सगळ्या इमारतीला सामायिक होती, त्यामुळे गुन्वरबाईंचा प्रश्न घरोघर पोहोचत होता. दुसऱ्या मजल्यावरच्या एका जोडप्याने त्याचं उत्तर एकमेकांना द्यायला सुरुवात केली आणि महिना संपायच्या आत ते वेगळे झाले. एकाने मासे धरायची होडी विकली. सभेत मात्र कोणी तक्रार केली नाही. श्रमदान म्हटलं की थोडा आवाज व्हायचाच.

तिकडे तोर्लैफ बाराशे सत्तेचाळीसवर होता, आणि महिनाभर एकही डाव खेळला नव्हता.

“रेटिंग जपायचं असतं, भावोजी,” तो फोनवर म्हणाला. “हिवाळ्यात नवी गाडी बर्फावर मीठ टाकलेल्या रस्त्यावर गंजायला काढतो का आपण?”

“पण मग गाडी घ्यायचीच कशाला?”

“बघायला,” तोर्लैफ म्हणाला.

महिनाअखेरीच्या गुरुवारी आर्नफिन बाराशे एकेचाळीसवर पोहोचला. आणखी एक डाव जिंकला की झालं. सोलफ्रीने संत्र्यांची जाळी आणून दाराशी ठेवली, स्कीला मेण लावलं. आणि त्याच दिवशी यालमारला आपलं कर्तव्य आठवलं.

श्रमदानाचा वृत्तांत सेक्रेटरीने संबंधितांना पाठवायचा असतो. संकेतस्थळ संबंधित नाही असं कसं म्हणणार? आपण काही लपवत नाही; मग जाहीर केलेलं बरं. यालमारने वृत्तांताचं इंग्रजी केलं, कामाची वाटणी जोडली, वाफलचा फोटो जोडला आणि आभार मानून पाठवून दिलं. नाक्यावर जे जाहीर करतात त्यांना त्रास होत नाही, असा त्याचा अनुभव होता.

दोन तासांत उत्तर आलं. या खात्यावरच्या खेळात एकापेक्षा जास्त माणसांचा सहभाग असल्याचं खुद्द त्यांच्याच संस्थेने कळवल्यामुळे चौकशी पूर्ण होईपर्यंत खातं गोठवण्यात येत आहे.

आर्नफिनने ते दोनदा वाचलं. सोलफ्रीने एकदाच वाचलं, संत्र्यांची जाळी उचलली आणि स्वयंपाकघरात नेऊन फ्रीजच्या खालच्या खणात ठेवली. ते बघून आर्नफिनला अकराशे चाळीसला रुतलेली सगळी वर्षं बरी वाटली.

गुन्वरबाईंनी तातडीची सभा बोलावली. यालमारने राजीनामा दिला. सभेने तो मंजूर केला. मग नवा सेक्रेटरी व्हायला कोणी तयार होईना, म्हणून यालमारचीच पुन्हा निवड झाली आणि त्याने या सभेचा वृत्तांत लिहायला घेतला.

“हा तरी कुणाला पाठवू नकोस,” नर्सबाई म्हणाल्या.

“आता संबंधित कोण ते ठरवावं लागेल,” यालमार म्हणाला.

शुक्रवारी तोर्लैफचा फोन आला. “ऐकलं भावोजी. वाईट वाटलं. खरंच.” आणि त्याला खरंच वाईट वाटलं होतं. पण महिनाभराची भीती उतरल्यामुळे त्याला हलकंही वाटत होतं. आता प्रतिस्पर्धी उरला नाही. आता गंमत म्हणून एक डाव खेळायला काय हरकत आहे?

महिनाभर हात न लावलेला माणूस तो. विसाव्या चालीला त्याचा उंट गेला, तिसाव्या चालीला डाव. बाराशे एकोणचाळीस.

म्हणजे आर्नफिनपेक्षा दोनने कमी. हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने लगेच दुसरा डाव लावला. एक जिंकला की परत वर. तो हरला. तिसरा हरला. रेटिंग सगळ्या जगाला दिसतं. शनिवारी दुपारी सोसायटीत सगळे फोन उघडून बसले होते.

“बाराशे सात!” नळीतून गुन्वरबाईंचा आवाज आला.

आर्नफिनला बसवेना. हा ताप त्याच्या ओळखीचा होता. हरलेला माणूस हरल्याच्या रागात खेळतो, आणि त्याच्या घरात टॅब्लेट उचलायला नर्सबाई नसते.

“मी त्याला फोन करतो. दोन हरल्यावर थांबायचं असतं, हे कोणीतरी सांगायला हवं त्याला.”

“फोनला हात लावलास तर बघ,” सोलफ्री म्हणाली.

“अगं, तुझा सख्खा भाऊ आहे.”

“म्हणूनच सांगतेय. चार ईस्टर त्याने मला एकदा तरी फोन केला का?”

“तरीपण,” आर्नफिन म्हणाला, आणि बाहेर जिन्यात जाऊन त्याने फोन लावला.

तोर्लैफ फोनवरच खेळत होता. त्या डावात तो एका हत्तीने पुढे होता, आणि शेवटची दहा सेकंदं उरली होती. पटावर आर्नफिनचं नाव आणि त्याचा हसरा फोटो आला आणि पट झाकला गेला. तोर्लैफने फोटो पुसायचा प्रयत्न केला. पुसला गेला तेव्हा वेळ संपली होती. उचलला नाही म्हणून काळजीने आर्नफिनने थोड्या वेळाने पुन्हा लावला. तेव्हा वजीर गेला.

सहा वाजता आर्नफिन बाराशे एकेचाळीस, तोर्लैफ अकराशे अठ्ठावन्न.

रविवारी सकाळी तोर्लैफ खोपट्याची किल्ली घेऊन दारात उभा होता. दाढी केलेली नव्हती.

“सोलफ्री, हे बरोबर नाही. त्याचा आकडा गोठलेला आहे.”

“दादा, फ्रीजरमधला मासा मासाच असतो.”

“भावोजींना तर खेळायचीच परवानगी नव्हती!”

“तुला होती ना? ‘पडद्यावर जो आकडा दिसेल तो.’ कुणाचं वाक्य?”

तोर्लैफने आर्नफिनकडे बघितलं. “आणि तुम्ही फोन कशाला केलात?”

“थांब म्हणून सांगायला.”

“माझा हत्ती होता हो वरचढ,” तोर्लैफ म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला की सोलफ्रीने त्याला आत बोलावून कॉफी दिली. संत्रं दिलं नाही.

तो ईस्टर सोलफ्रीला मिळाला. खोपट्यावर नेटवर्क नाही. आठवडाभर आर्नफिनला शह द्यायलाही कोणी नव्हतं आणि मात करायलाही. सोलफ्री रेनडियरचं कातडं अंथरून दक्षिणेच्या भिंतीला टेकून बसायची, बूट काढून, डोळे मिटून. साली बर्फावर पडायच्या. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “इथे बाबांचा खोकला ऐकू यायचा.” आर्नफिनने सांगण्यासारखं काही शोधलं, सापडलं नाही, म्हणून गप्प राहिला. ती चाल बरोबर होती.

मे महिन्यात संकेतस्थळाचा निकाल लागला. लबाडी आढळली नाही. मात्र ‘आवाजी मदतीच्या’ काळातले सगळे डाव रद्द. खातं उघडलं, आकडा अकराशे चाळीस.

त्याच संध्याकाळी तोर्लैफचा फोन. “भावोजी, डाव रद्द म्हणजे ईस्टरही रद्द. परत द्या.”

“झालेला ईस्टर परत कसा देणार?”

“ते मला माहीत नाही. मी अकराशे अठ्ठावन्न होतो.”

आकड्याचा माणूस तो, आणि आकडा त्याच्या बाजूने होता. सोलफ्रीने फोन घेतला आणि ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेन्टेकॉस्टच्या सुट्टीचे स्वतःचे तीन दिवस देऊन टाकले. “घे. संत्री तेव्हा चांगली मिळत नाहीत,” असं वर म्हणाली.

आर्नफिन आता यालमारशिवाय खेळतो. जूनच्या शेवटी तो बाराशे सव्वीसवर होता. दोन हरला की स्वतःच उठून टॅब्लेट तळमजल्यावर देऊन येतो. पुढच्या ईस्टरसाठी तोर्लैफने करारात सुधारणा सुचवली आहे : गोठलेला आकडा चालणार नाही, आणि डाव चालू असताना नातेवाइकांनी फोन करायचा नाही. सोलफ्रीने अजून सही केलेली नाही.

पेन्टेकॉस्टला खोपट्यावरची गॅसची टाकी संपली होती. तोर्लैफने नवी बसवली, ४२० क्रोनर. त्यातले निम्मे, २१० क्रोनर, आर्नफिनकडून येणे आहेत.