क्लॅरिनेटसाठी दात

साताऱ्याच्या स्टँडवरून सांगलीची एस.टी. सुटली तेव्हा मांडीवर क्लॅरिनेटची पेटी होती आणि खिशात, रुमालात बांधलेला, माझाच तुटका दात.

माझी सगळी नोकरी पलटणीच्या बँडमध्ये झाली. निवृत्तीनंतर वरचा पुढचा दात गेला. सांगलीच्या डॉक्टरांनी हाडात स्क्रू बसवून त्यावर नवा चढवला. क्लॅरिनेट वाजवताना त्याचा तोंडात धरायचा भाग नेमका त्याच दातावर टेकतो. गेल्या गणपतीत दाताची कड उडाली, दात स्क्रूवरून निघून हातात आला नि वाद्य पेटीत गेलं. मग दिवसच्या दिवस घरात आवाज म्हणून होत नसे.

इस्लामपूरच्या अलीकडे टायर बसला. आम्ही उतरून उसाच्या कडेला उभे राहिलो. आटपाडीच्या एका म्हातारीनं पेटीची चौकशी केली. मी दाताचं सांगितलं, तेव्हा पुढे केलेलं उसाचं कांडकं तिनं मागं घेतलं आणि पिशवीतून गुळाचा खडा काढून दिला. बस सुरू झाल्यावर ती झोपली; बोलायला पुन्हा कोणी नव्हतं.

सांगलीत पुडीतलं भडंग (तिखट, कुरकुरीत चुरमुरे) दाढांनीच चावत, डॉक्टरांनी पाठवलेल्या कारखान्यात पोचलो. तिथे सुमनताई दात घडवतात. त्यांनी मला क्लॅरिनेट तोंडात धरायला लावलं, मग तुटका दात उजेडात फिरवला. आत ओतीव धातूची टोपी, वर भट्टीत भाजलेले चिनीमातीचे थर. टोपी आखूड ओतली होती. कडेच्या चिनीमातीला खाली आधारच नव्हता, आणि भार येत होता तिथेच.

"आता धातू मागून थेट कडेपर्यंत ओतते, चिनीमाती फक्त पुढून," त्या म्हणाल्या. "टिकेल. पण काका, मोठ्यानं हसलात तर आतला काळा धातू दिसेल."

"दिसू द्या की," मी म्हणालो. "बघायला घरात कोन न्हाई."

त्यांनी साच्यासाठी मेण तापवायला घेतलं.

दात तयार होईपर्यंत लॉजवर राहिलो. कृष्णेच्या घाटावर नुसता बसून यायचो. डॉक्टरांनी दात बसवला त्याच दिवशी परतलो.

घरी आल्यावर पेटी उघडली. आधी भीत भीत, मग पलटणीची चाल पूर्ण दमानं वाजवली. दात हलला नाही. बायको होती तेव्हा ती थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून म्हणायची, "पुरं आता, जेवाय चला." त्या दिवशी मी ओठ बधिर होईपर्यंत वाजवत राहिलो. पुरं म्हणायला कोणी नव्हतं.