सुनेचं पानिपत

दवाखान्यातून दमून आले, खिरीचं दूध गॅसवर ठेवलं आणि खुर्चीतच डोळा लागला. करपल्याच्या वासाने जाग आली. "झालं, खिरीचं पानिपत!" मी पुटपुटले.

नवी सून धावत आली. तिचं माहेर पानिपतचं, मराठी अजून शिकतेय. "आई, माझ्या गावाचं काय झालं?"

मी सांगितलं, तिथे आम्ही लढाई हरलो. तेव्हापासून मराठीत धूळधाण झाली की पानिपत म्हणतात. इंग्रजीत वॉटर्लूचंही तसंच झालंय.

"खूप माणसं गेली?"

"खूप. अजून विसरलो नाही आम्ही."

तिने करपलेलं पातेलं घासायला घेतलं. मग हळूच म्हणाली, "गावातलीही गेली असतील ना?"

आमच्या त्या शब्दात इतकी वर्षं फक्त आमचीच माणसं मरत आली होती.