काकासाहेबांचे बिनपगारी वकील

वकिलाच्या ऑफिसातल्या जुन्या फायली निदान कधीतरी रद्दीत जातात. किस्से जात नाहीत. आम्ही त्या वेळचे लोक भेटलो की चहा यायच्या आधीच कोणीतरी काकासाहेबांचं नाव काढतं आणि घरची मंडळी उठून आत निघून जातात. त्यांचं सगळं ऐकून झालंय. तुमचं नाही, म्हणून सांगतो.

सत्तरच्या दशकाचा शेवट असेल. मी आणि गजानन नागपूरहून वकिलीची परीक्षा पास होऊन वर्ध्याला काकासाहेबांकडे ज्युनिअर म्हणून लागलो. ‘लागलो’ हा आमचा शब्द. काकासाहेब म्हणायचे, “दोन मुलं येतात.” गजाननचे वडील सेलूला किराणा दुकान चालवायचे आणि दर रविवारी त्याला एकच प्रश्न विचारायचे, दुकानात कधी बसतोस? त्याला ते दुकान नको होतं. म्हणून पहिल्याच दिवशी त्याने धीर करून पगाराचा विषय काढला.

काकासाहेबांनी चष्मा उतरवून त्याच्याकडे फार मायेने पाहिलं.

“पगार घेतला की माणूस नोकर होतो. तुम्हाला वकील व्हायचंय ना?”

आम्ही भारावून बाहेर पडलो. कोपऱ्यावर चहा प्यालो आणि मग लक्षात आलं की पैसे दोघांकडेही नाहीत! गजाननने चहावाल्याला तेच तत्त्व समजावून सांगितलं. आमचा आयुष्यातला पहिला युक्तिवाद, आणि तो आम्ही हरलो. पेन ठेवून यावं लागलं.

*

ऑफिस घरातच होतं, त्यामुळे काकूंची भाजीची पिशवीही आमच्याच वाट्याला यायची. मी एकदा कुरकूर केली तर काकासाहेब म्हणाले, उलटतपासणी शिकायची असेल तर बाजारासारखी शाळा नाही.

गजाननने ते मनावर घेतलं. वांगी आजची आहेत? तोडली तेव्हा तुम्ही स्वतः हजर होता? मग आजची हे कशावरून म्हणता? पार्वताबाई म्हणून एक भाजीवाली होती, ती तर त्याला लांबून पाहिलं तरी टोपलीवर फडकं टाकायची.

पुढे तिचा दिराशी वाड्याच्या जागेवरून वाद झाला. ती थेट ऑफिसात आली आणि गजाननकडे बोट दाखवून म्हणाली, “यालेच उभा करा. हा पोरगा समोरच्याले रडवते.”

गजानन उभा राहिला, दिराला खरोखर रडवलं आणि केस जिंकली. फी काकासाहेबांनी ठेवून घेतली.

“तुला अनुभव मिळाला,” ते म्हणाले. “दोन्ही कसं मिळेल?”

*

माझं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. मुलीचे वडील हिंगणघाटचे, व्यवहाराला पक्के. ते चौकशीला सरळ काकासाहेबांकडेच गेले. मी दाराआड उभा. माझं लग्न आता मोडलंच, असं धरून चाललेलो.

मुलाला पगार वेळेवर मिळतो का, असं त्यांनी विचारलं. आयुष्यात कधी खोटं बोललो नाही, असा चेहरा काकासाहेबांनी केला.

“माझ्या ऑफिसात आजवर एकाही ज्युनिअरचा पगार थकलेला नाही.”

लग्न झालं. बायको हा किस्सा सांगू देत नाही.

*

शेवटी गजाननच्या वडिलांचा धीर सुटला. त्यांनी त्याला काकासाहेबांकडून काढलं, कोर्टाच्या आवारात टेबल टाकून दिलं आणि पहिली केसही स्वतःच दिली. दुकानाची जागा भाड्याची होती. घरमालकाने ती खाली करून मागितली होती.

वडील म्हणाले, “जिंकला तं वकील. हरला तं गुमान दुकानात येऊन बसजो.”

हरल्यावर दुकान राहीलच कुठे, हे त्या दोघांच्याही लक्षात आलं नाही. घरमालकाने वकील दिले ते काकासाहेब.

काकासाहेबांची कोर्टातली एक पद्धत होती. बोलता बोलता ते मागे न बघता नुसता हात मागे करायचे. त्या हातात नेमकं पुस्तक, नेमकं पान उघडून, ज्युनिअरने ठेवायचं. हे काम कायम गजाननचं. आता मागे मी होतो. त्या दिवशी काकासाहेब रंगात आले, वरच्या कोर्टाचा एक निकाल आहे म्हणाले आणि हात मागे केला.

पान मला माहीत होतं. पण ते वाचलं गेलं की गजाननचं दुकान गेलं, हेही माहीत होतं. मी पुस्तकं खालीवर करत बसलो. हात तसाच हवेत. जजसाहेब वाट बघतायत. एवढ्या वर्षांत तो हात असा रिकामा कधी राहिला नव्हता. मला वाटलं, वाचला गड्या तू!

आणि समोरच्या टेबलावरून गजानन उठला. माझ्या पुढ्यातलं पुस्तक ओढलं, पान काढलं, बोटाने ओळ दाखवून काकासाहेबांच्या हातात ठेवलं आणि परत जाऊन बसला. काकासाहेबांनी वळूनही न बघता वाचायला सुरुवात केली.

जजसाहेबांनी विचारलं, “वकीलसाहेब, आपण नेमके कोणाकडून?”

तेव्हा कुठे गजाननच्या लक्षात आलं. त्याचा चेहरा मला अजून बघवत नाही. मागच्या बाकावर त्याचे वडील बसले होते.

निकाल लागला. दुकान गेलं. संध्याकाळी वडील गजाननला घेऊन काकासाहेबांच्या ऑफिसात आले. मला वाटलं, आता भांडण होणार. पण ते हात जोडून उभे राहिले.

“वकीलसाहेब, याले बसवाले आता माह्यापाशी दुकान नाई. तुमच्याचकडे ठेवा. पण आता तरी काही देत जा त्याले.”

काकासाहेब गहिवरले. उठून त्यांनी गजाननच्या पाठीवर हात ठेवला.

“अहो, इतक्यात कुठे? आज तर पोरगा पहिल्यांदा माझ्या विरुद्ध उभा राहिला. आत्ता कुठे शिकायला लागलाय!”